वजनकाट्यांची फर्म आणि तीन मंगळवार

पंख्याखालची एकुलती एक खुर्ची त्याने बळकावली होती आणि मला नेमकी तीच हवी होती.

"टोकन कितवं?" माझ्या रागीट नजरेकडे बघत त्याने विचारलं.

"बावीस."

"माझं एकवीस. दहा मिनिटांत ही खुर्ची तुमचीच. जरा कळ काढा."

"दहा मिनिटांत? या ऑफिसात? पहिल्यांदाच आलेले दिसताय!"

"तुम्ही नेहमी येता वाटतं?"

"छे... मीही पहिल्यांदाच," मी म्हटलं आणि दोघांनाही हसू आलं.

ते फर्म नोंदणीचं सरकारी कार्यालय होतं. ज्या जुन्या फर्मचे कागद अर्धवट राहिलेत, त्या फर्म या महिनाअखेरीस नोंदवहीतून काढून टाकणार, अशी यादी आदल्या दिवशी पेपरात आली होती. तिच्यात आमच्या बाबांची वजनकाट्यांची फर्म होती! बाबा आणि त्यांचा जिवलग मित्र, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणायचे, यांची ती फर्म. अठरा वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक काटे विकायचे की नाही, एवढ्यावरून दोघांचं बिनसलं. दुकानाच्या त्या गल्लीत बाबांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. "माझं नाव कापून मोकळा झाला तो," एवढंच म्हणतात आणि उठून जातात. आता काटे दुरुस्तीचं काम मी बघते. मला दुकान टाकायचं होतं, आणि पाटीवर तेच जुनं नाव हवं होतं. खरं सांगू? त्याहून जास्त मला हे बघायचं होतं, की माझ्या बाबांना इतका जीव लावणाऱ्या माणसाने त्यांना खरंच असं फसवलं का.

रेकॉर्डवाल्या बाईंनी माझा अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग एकवीस नंबरकडे बघितलं. "फाइल गोदामात आहे. पुढच्या मंगळवारी या."

त्यालाही पुढचाच मंगळवार मिळाला होता.

दुसऱ्या मंगळवारी मी धापा टाकत पोचले, तर पंख्याखालच्या खुर्चीवर रुमाल पसरलेला, आणि तो शेजारी उभा.

"जागा धरून ठेवलीय. तीन जणांशी भांडलोय त्यासाठी."

"कशाला उगाच..." मी म्हटलं, पण बसले मात्र पटकन.

गोदामातून भलताच गठ्ठा आला होता. पुन्हा आठवडाभर थांबा! एरवी मी तिथेच तावातावाने बोलले असते. त्या दिवशी मात्र मी चक्क "काही हरकत नाही" म्हणाले. बाई गालातल्या गालात हसल्या.

बाहेरच्या टपरीवर चहा घेताना त्याने विचारलं, "कोणाची फर्म शोधताय?"

"ते विचारायचं नाही. घरचं दुखणं आहे."

"बरं. मग माझंही विचारू नका."

"मी कुठे विचारलं?"

"नाही विचारलंत... त्याचंच वाईट वाटतंय."

मी कपात बघत राहिले. कान गरम झाले होते माझे. मला तो आवडला होता. आढेवेढे कशाला घेऊ? तो आठवडा मी मंगळवार मोजण्यात घालवला.

तिसऱ्या मंगळवारी बाईंनी हाक मारली, "एकवीस-बावीस, दोघंही या! फाइल एकच आहे, मागणी दोघांची. एका टेबलावर बसून बघा."

एकच फाइल? मी वरचं नाव वाचलं. त्यानेही वाचलं. त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही... काकांचा मुलगा?" काकांचा मुलगा लहानपणी आजोळी शिकायला होता. मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

"आणि तुम्ही त्यांची मुलगी, ज्यांनी माझ्या अप्पांचं नाव—"

"कापलं? शुद्धीवर आहात का! उलट आहे ते!"

 फाइल उघडली, की आमच्यापैकी एकाचा बाप खोटा ठरणार होता. आणि मग कसला चहा, कसला मंगळवार... 

"नकोच उघडायला," मी म्हटलं.

"उघडावी लागेल. पण आधी एक सांगा... आत काहीही निघालं, तरी माझ्याशी बोलाल ना?"

मी होकारार्थी मान हलवली. दोघांनी मिळून फाइलची नाडी सोडली.

पहिला अर्ज बाबांचा होता. "मी फर्ममधून बाहेर पडत आहे. फर्म माझ्या मित्राकडे राहू द्यावी. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

चार दिवसांनंतरचा अर्ज काकांचा. "मी फर्ममधून बाहेर पडत आहे. फर्म माझ्या मित्राकडे राहू द्यावी. गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर येतं."

खाली साहेबांचा लाल शाईतला शेरा होता. "दोघेही बाहेर पडल्यास फर्म चालवणार कोण? दोघांनी मिळून खुलासा करावा." हेच कळवायला दुकानाच्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट 'दुकान बंद' म्हणून परत आलेलं, अजून न फोडलेलं. कोणाचंच नाव कोणी कापलं नव्हतं!

"अगं बाई..." मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तोही डोळे पुसत हसत होता. अठरा वर्षं दोघंही रुसून बसले होते, आणि फर्म जशीच्या तशी दोघांच्या नावावर होती. छातीवरचा दगड उतरला म्हणतात, तो असा उतरतो.

मी तिथूनच बाबांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काकांचा अर्ज वाचून दाखवला.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले. मी पुन्हा वाचला.

"गाढव आहे लेकाचा," बाबा म्हणाले. "मी रागात लिहून दिलं गं. वाटलं, धावत येईल, अडवेल मला. तो आलाच नाही, म्हणून मला वाटलं, नाव कापून मोकळा झाला... आणि हे असं लिहून बसला होता?"

"बाबा, महिनाअखेरच्या आत दोघांच्या सह्या लागतील. आणि... काकांचा मुलगा इथे माझ्यासमोरच बसलाय."



"जेवलाय का तो?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग घरी घेऊन ये त्याला. वाटेत त्याच्या बापालाही उचला. नाही म्हणाला, तर मी बोलावलंय म्हणून सांगा."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने सगळं ऐकलं होतं. आता नाही बोलले, तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं मला.

"बाबा... याला आजच्यापुरतं नाही, कायमचं घरी आणायचं म्हटलं तर?"

"मला काय विचारतेस?" बाबा म्हणाले. "त्याला विचार. मी अठरा वर्षं विचारलं नाही, बघितलंस ना काय झालं?"

मी फोन खाली ठेवला.  टेबलावर त्याचा हात माझ्या हातावर आला होता.

"विचार ना," तो म्हणाला. "मी हो म्हणणार आहे."