आभार राहिले

संगणकाचा पडदा काळाच. चित्रकार मुलीनं पुन्हा बटण दाबलं. पंखा घरघरला, तीन बीप वाजले... आणि पुन्हा मिट्ट काळोख. आठ महिन्यांची बत्तीस चित्रं त्या डब्यात अडकली होती, आणि पाचच्या आत ती प्रकाशकाकडे जायला हवी होती. तीन तर वाजून गेले होते.

"तरी म्हणत होते, दुसरीकडे उतरवून ठेव," दारातून आई म्हणाली.

"आई, जखमेवर मीठ नको ना!"

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला, तर वीस मिनिटं नुसतं संगीत. मग एकदम एक निवांत आवाज — "नमस्कार. काय झालं, सांगा."

"माझी चित्रं... पाचच्या आत पाठवायची होती, सगळं गेलं हो..." तिला रडूच फुटलं.

"रडून घ्या आधी. मी फोन ठेवत नाही."

ती इतकी चकित झाली, की रडायचंच विसरली.

"बीप किती वाजतात?"

"तीन."

"मग चित्रं बहुतेक सुखरूप आहेत. मेमरीची पट्टी नीट बसली नसेल. प्लग काढा, डबा उघडा. खोडरबर आहे?"

"चित्रकाराला विचारताय?"

तो हसला. पट्टीची सोनेरी कड खोडरबरानं पुसताना तिनं विचारलं, "मोडली तर?"

"नाही मोडणार. हात हलका ठेवा... बारीक रेषा काढता तसा. आता बसवा. टक् असं वाजलं?"

"वाजलं!"

प्लग, बटण. एकच बीप... आणि उजेड!

"आहेत! सगळी आहेत —"

नेमका तेव्हाच तिच्या फोनचा जीव गेला.

पावणेपाचला चित्रं रवाना झाली, तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. ना आभार, ना नाव विचारलं. चार्ज होताच तिनं पुन्हा फोन लावला. या वेळी एक बाई.

"मघाचे ते... 'रडून घ्या' म्हणणारे..."

"आमचे शांतोबा? तक्रार आहे का?"

"नाही हो... उलट."

पुन्हा संगीत.

"पुन्हा बंद पडला?" त्याचा आवाज आता मुळीच निवांत नव्हता.

"नाही... आभार राहिले होते."

"पोचली चित्रं? मघापासून घड्याळाकडे बघतोय. आम्हाला उलटा फोन करायची परवानगी नाही."

"पोचली."



"हे सगळं रेकॉर्ड होतं, बरं का..." तो हळूच म्हणाला.

"होऊ दे. माझा नंबर लिहून घ्या. कामासाठी नाही... असाच."

पलीकडे कागदांची सळसळ, काहीतरी खाली पडलं. "एक मिनिट — पेन... पेन चालत नाहीये!"

"शांतोबा, माझं घ्या!" मागून बाईंचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ चारपाच जणांचं हसू.

तिनं डोळे मिटले, आणि पहिला आकडा सांगितला.