मैनाच्या तपासणीचा दिवस

बोदलकशाच्या तलावाजवळ मे महिन्याच्या उन्हात एक म्हैस रस्त्यातच बसली होती. डॉ. मोनालीने स्कूटीचा हॉर्न वाजवला.

"नका वाजवू, मॅडम," झाडाखालून आवाज आला. "मैना आहे ते. मनात येईल तेव्हाच उठते."

"आणि तुम्ही?"

"मी तं उभाच आहो."

मोनालीला हसू आलं. जनावरांच्या दवाखान्यात रुजू झाल्यापासून पहिल्यांदाच.

असा भूपेंद्र भेटला. मैना दोन वर्षं गाभण राहिली नव्हती. उन्हाळ्यात म्हशीचा माज ओळखूच येत नाही. मोनालीने हार्मोनचा उपाय सांगितला: औषधाचं छोटं साधन, त्याचा दोरा बाहेर ठेवून, आठवडाभर आत बसवायचं, काढल्यावर इंजेक्शन, मग कृत्रिम रेतन. गावात हे कुणी केलं नव्हतं. भूपेंद्रचे वडील हिरालाल म्हणाले, "करा. पन नाइ राहिली गाभन, तं विकून टाकतो."

दोन दिवसांनी भूपेंद्र पळसाच्या पानाची पुडी घेऊन दवाखान्यात हजर. पुडीत ते साधन.

"मायले दोरा लोंबताना दिसला... पोत्याची सुतळी अडकली समजून ओढला तिनं."

मोनालीने कपाळाला हात लावला. "आता सगळं पहिल्यापासून."

"मंग... तुमी रोज पाहाले याल?" विचारताना त्याचे कान लाल झाले.

"दोरा पाहायला येईन," ती म्हणाली.

ती रोज गेली. तो बादलीभर पाणी आणि साबणाची नवी वडी तयार ठेवायचा, आणि ती निघाली की स्कूटी वळणाआड जाईपर्यंत गोठ्याच्या दारात उभा असायचा. तिला आरशात दिसायचं. मग रेतन झालं आणि जायचं कारणच उरलं नाही. रस्त्यात म्हैस दिसली, की ती स्कूटी हळू करायची. उपाय फसला तर?

जुलैअखेर तपासणीला ती पोचली, तेव्हा अंगणाबाहेर व्यापारी मुन्नालालची पिकअप उभी होती. भूपेंद्र धानाच्या रोवणीतून तसाच आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याने मैनाचं डोकं धरलं. मोनालीने खांद्यापर्यंत हातमोजा चढवला.

"मॅडम..." पलीकडून तो हळूच म्हणाला, "गाभन असली तं तुमचं काम संपलं. नसली तं मैना गेली."

"डोकं नीट धरा."

"धरूनच राहिलो. पन तुमी नाइ आल्या, तं मले करमत नाइ जी."

तिची बोटं थांबली. हात खांद्यापर्यंत आत, गाल मैनाच्या पाठीला टेकलेला... वळून पाहायची सोय नव्हती. तिने पुन्हा चाचपलं. चूक झाली तर पिकअप भरून जाणार होती. मग बोटांना गर्भाशय लागलं, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं, मऊ. खात्री होईना म्हणून तिसऱ्यांदा पाहिलं.

"काका, गाडी परत पाठवा," ती म्हणाली. "मैना गाभण आहे."

हिरालाल मुन्नालालकडे गेले. भूपेंद्रची आई मंदाबाई दारातूनच म्हणाल्या, "आता तिच्यात सुतळी गिन काइ ठेवजो नोको, बाई."

भूपेंद्र तिच्या हातांवर पाणी ओतू लागला. मान खाली.

"रविवारी येते मी," ती म्हणाली.

"कायले? ते तं गाभन आहे."

"मघाशी तुम्ही काही बोललात... मला वळता आलं नाही. समोरून ऐकायचंय."

मग्ग्यातलं पाणी कधीच संपलं होतं. तो तसाच धरून उभा राहिला, आणि तिनेही हात मागे घेतले नाहीत.