रांधती चूल

दिवा जरा अलीकडे सरकव, म्हणजे मला तुझं तोंड दिसेल. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

छत्तीस सालची गोष्ट. चैत्र सरत आला होता आणि मी नवापूरच्या बाजारात राहुटीच्या तणाव्यांसाठी काथ्याची दोरी घ्यायला गेले होते. दुकानदार शांतीलालनं विचारलं, ''काकी, औंदा बी जंगलमा?'' मी म्हटलं, ''औंदा बी!'' छप्पन्न वर्षांची बाई मी, पण परकर-पोलक्यातली पोर जत्रेला निघावी तशी घरी आले. वाटेत दोनदा ठेचकाळले, इतकं माझं लक्ष रानातल्या तळ्याकडे लागलेलं.

त्याचं कारण सांगते. माझं लग्न झालं तेव्हापासून हे मोजणी खात्यात. पावसाळा सरला की साखळी, खुंट्या, राहुटी घेऊन निघायचे, ते मृगाच्या तोंडावर परत यायचे. मी तापीकाठच्या घरात, सासू-जावांत, अठरा माणसांच्या भाकरी थापत बसलेली. यांच्या शेजारी निवांत बसणं म्हणजे काय, ते मला ठाऊकच नव्हतं. पेन्शन झाली तेव्हा यांनी विचारलं, काशीला जायचं का? मी म्हटलं, काशी राहू द्या, मला तुमच्या राहुटीत न्या!

मग आम्ही नवापुरात दोन खोल्या घेतल्या आणि दर उन्हाळ्यात पाच दिवस तळ्यावर राहायला जाऊ लागलो. आम्ही दोघंच. भावकी म्हणायची, म्हाताऱ्यांना चळ लागला. लागू दे! ते पाच दिवस माझे होते. त्यांत तिसरं कुणी येऊ नये, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं.

तळं विसरवाडीपासून दोन कोस आत, सागाच्या रानात. चैत्रात साग उघडाबोडका असतो, पण मोहाचा वास सगळीकडे भरलेला. मला माय आणि यांना साहेब म्हणणारा गाडीवान वीरसिंग आम्हाला सोडून बहिणीकडे जायचा आणि पाचव्या दिवशी न्यायला यायचा. आदल्या साली पूर्वेच्या काठावर उतरलो होतो. तीन धोंडे मांडून मी तिथे चूल केली, मातीनं लिंपली, तिला बोटांनी कंगोरेसुद्धा काढले. निघताना वीरसिंग म्हणाला, ''माय, चूल मोडी टाका.''

''काबर?''

''उभी चूल दखी का कोनी बी येस. रांधस. मंग उठस नही.''

हे हसले. यांच्या खात्याची रीत उलटी. मागून दुसरी तुकडी येणार, तिच्यासाठी चूल उभी ठेवायची. म्हणाले, ''ऱ्हाऊ दे. मांगेतून कोनी उनं तं त्याले कामे ई.'' खरं सांगते, माझ्याच्यानंही ती मोडवेना. सासरच्या एवढ्या मोठ्या घरात माझी म्हणावी अशी एकही चूल नव्हती.

या खेपेला पश्चिमेच्या काठावर आंब्याची सावली होती, म्हणून तिथे राहुटी ठोकली. पहिल्याच संध्याकाळी मी भाकरी थापत होते. समोर पाण्यापलीकडे धूर दिसला, आणि धुराखाली एक पांढरी राहुटी.

''आयका!'' मी ओरडलेच. ''तठे कोनी शे! आपली चूल पेटाडी त्यासनी!''

दोन माणसं होती. एक बाई, एक बाप्या. मला इतका आनंद झाला! म्हणजे जगात आणखी एक नवरा आहे तर, बायकोला घेऊन रानात राहणारा. मी पिठाचा हात उंच करून हलवला. तिनंही हलवला. मी पदर हलवला. तिनंही पदर हलवला. हे म्हणाले, ''पोरगी शेस का तू?'' पण तेही हसत होते.

दुसऱ्या दिवशी तर गंमतच. मी पाण्यात उतरले, तीही उतरली. मी केस वाळवत बसले, तीही बसली. हौस अगदी माझ्यासारखी. एकच गोष्ट जरा वेगळी वाटली. पाण्यावरून आवाज चांगला येतो. पलीकडचा बगळा उडाला तरी पंख ऐकू येत. पण त्या दोघांचा शब्द नाही, भांड्याचा आवाज नाही. दुपारी मात्र लसणाच्या फोडणीचा वास आला. माझ्या हातच्या फोडणीचा असतो तसाच... माझी चूल तर अजून पेटायची होती.

यांनी पिशवीतली जुनी दुर्बीण काढली. बराच वेळ पाहिलं. मग ती मिटून ठेवली.

''काय दखं?''

''म्हतारा-म्हतारी शेतस.''

''माले दखू द्या ना.''

''काच खराब व्हई गयी,'' म्हणाले, आणि दुर्बीण अंथरुणाखाली सारली. हा माणूस खोटं बोलताना खाली बघतो, हे मला आता आता कळायला लागलं होतं. पण मी चिडवलं, म्हटलं, म्हातारी माझ्याहून देखणी दिसते वाटतं!

तिसऱ्या दिवशी मी हटून बसले. शेजार आहे, भेटायला जायचं. कुरडया बांधल्या, हळदीकुंकवाचा करंडा घेतला. हे म्हणाले, ''नको जाऊ.'' मी चालायलाच लागले, तेव्हा मागे आले. उन्हं कलली होती. तळ्याला वळसा घालायला तासभर लागला. सबंध वाटेत मी बडबडत होते, तिचं नाव काय असेल, गाव कुठलं असेल.

पोहोचलो, तर राहुटी नव्हती. खुंटीचं भोकसुद्धा जमिनीत नव्हतं.

चूल होती. माझीच. ओल्या मातीनं ताजी लिंपलेली, आणि कडेला बोटांचे कंगोरे. मी माझी बोटं त्यांत टेकवली. बरोबर बसली. चुलीत जाळ होता, वर पातेलं होतं आणि पातेल्यात भात रटरटत होता.

''कोन शे आठे?'' मी हाक मारली. ''बाई... ओ बाई...''

यांनी माझा दंड धरला आणि मला वळवलं. पाण्यापलीकडे, आंब्याखाली, आमची राहुटी दिसत होती. राहुटीपुढे दोन माणसं बसली होती. बाईनं हात उंच करून हलवला.

''दुर्बिणीमा मी हाईच दखं व्हतं...'' हे अगदी हळू बोलले. ''ती तू व्हतीस... आनि तुन्हा बाजूले मी.''

भीती वाटली का म्हणून विचारशील. वाटली. पण त्याआधी संताप आला. ती बाई यांच्या खांद्याला टेकून बसली होती. त्या खांद्याशी बसायला मला तीस वर्षं वाट पाहावी लागली, आणि ही आयती येऊन बसली! वीरसिंगचे शब्द आठवले. मी पदर खोचला आणि त्या चुलीला लाथ घातली. एक धोंडा उलथला. पातेलं कलंडलं, पेज निखाऱ्यांवर सांडून चरचरली, माझा पाय भाजला. हे ''थांब, थांब'' म्हणत होते. मी तिन्ही धोंडे उपटून पाण्यात लोटले.

मान वर केली. आंब्याखाली कुणी नव्हतं. आमची राहुटी तेवढी वाऱ्यानं फडफडत होती.

मग काय सांगू! आम्ही दोघं अक्षरशः धावत सुटलो. घाबरून, आणि थोडं आनंदानंही. राहुटीत सगळं जिथल्या तिथे होतं. मी भाजल्या पायाला तेल लावलं आणि हसायलाच लागले, हसू आवरेना. जिंकले होते मी! हेही हसले. उरलेला दीड दिवस मी यांना क्षणभर सोडलं नाही, आणि समोरच्या काठावर पुन्हा काही दिसलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी वीरसिंग आला. सामान चढवता चढवता मी त्याला सगळं फुशारकीनं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचा हात थांबला.

''वर भांडं व्हतं?''

''व्हतं. भात व्हता ना.''

''रांधती चूल मोडी तुमी?'' तो माझ्याकडे बघेचना. ''निंघताना मोडतस, माय. कोनी बसेल शे तं नही मोडतस. आते त्या कथा जातीन?''

मी म्हटलं, जातील कुठेही, आपल्याला काय! सामान आणलं होतं तेवढंच, तरी गाडी निघताना बैल दोनदा अडले. वीरसिंग खाली उतरला आणि नवापूर येईपर्यंत बैलांच्या बाजूनं पायीच चालला. मी यांच्याशी पुढच्या सालचे बेत करत होते.

दुपारी घराशी आलो. हे आधी उतरून कुलूप काढायला गेले. वीरसिंगनं हात देऊन मला उतरवलं. मी ओट्यावर चढले. पाठीशी यांच्या किल्ल्यांची खटपट चालली होती. गाठोडं मागायला म्हणून मी वळले.

वीरसिंग अजून गाडीशीच उभा होता. मान खाली, हात रिकाम्या गाडीकडे धरलेला.

''सांभाळीसन उतरा, माय,'' तो म्हणाला. थोडा थांबला. मग एक पाऊल बाजूला सरून, जास्त अदबीनं, त्यानं पुन्हा हात पुढे केला.

''साहेब, तुमी बी.''