पाटे अजून आलेले नाहीत

समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने हात आडवा करून तिची पिकअप थांबवली, तेव्हा संध्याकाळ होती, भुरभुर पाऊस होता आणि मागच्या हौद्यात फरशीची खोकी खच्चून भरलेली होती. पुढे काय वाढून ठेवलंय याची नुसती चाहूल जरी लागली असती, तरी तिने गाडी तशीच दामटली असती. पण चाहूल लागायला ती काही ज्योतिषी नव्हती. तिने काच खाली केली.

“बाई, रस्ता इकडे खाली आहे,” तो डोळे चोळत म्हणाला. “झाडावरची पाखरं कशाला उठवताय?”

“म्हणजे?”

“दिवे आभाळात चाललेत तुमचे. गाडी मागून पार बसलीय. समोरच्याला दिसायचं कसं?”

“समोरच्याने खाली बघून चालवावी.”

“खालीच बघत होतो हो… तुम्हीच वर बघायला लावलंत.”

बोलून गेल्यावर त्याचे त्यालाच कान तापल्यासारखे झाले. मग उगाच कामाचा आव आणून तो मागे गेला आणि त्याने चाक आणि मडगार्डच्या मधे हात घालून बघितला. पंजा जेमतेम आत गेला. “स्प्रिंगचे पाटे थकलेत,” तो म्हणाला. “पुढच्या चौकात माझंच गॅरेज आहे. एकदा रिकामी आणा, एकदा भरून आणा. दोन्ही बघितल्याशिवाय मी काही सांगत नाही.”

म्हणजे निदान दोनदा जायचं. घरी पोचेपर्यंत तिने हा हिशेब मनात चारदा करून बघितला होता.

घरात ती आणि बाबा, दोघंच. आई गेल्यानंतर बाबांनी दोनच गोष्टी जिवापाड सांभाळल्या, मुलगी आणि ही पिकअप. दुकानातून फरशी उचलायची, बांधकामावर नेऊन टाकायची, रिकाम्या गाडीने परत यायचं. गावातल्या फेऱ्या ती करायची, घाटावरच्या बाबा. पाट्यांचा विषय काढताच बाबा उखडले. “काय धाड भरलीय गाडीला? आजकालच्या मिस्त्र्यांना धड गाडी बघवत नाही.”

मिस्त्री स्वतः घरी येऊन हात जोडून सांगून गेला. बाबांनी त्याला चहा पाजला, गप्पा मारल्या, पण पाट्यांचं नाव काढू दिलं नाही. हो-नाही करत त्यांनी कितीतरी दिवस घालवले, आणि तेवढे दिवस तिला गॅरेजमध्ये जायला निमित्त मिळालं.

“नुसता एक जादा पाटा घातला तर?” ती विचारायची.

“भरलेली गाडी ताठ उभी राहील. पण रिकामी परत येताना अशी उडेल, की दात खिळखिळे होतील तुमचे.”

“मग हवेचे फुगे?”

“तुमच्या कामाला तेच बरे. जाताना भरलेली, येताना रिकामी. माल चढवला की हवा भरायची, उतरवला की सोडायची. पण पाटे तरीही बदलायचे. थकलेल्या पाट्यांना फुगे लावणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला नवा कोट घालणं.”

“सगळ्या गिऱ्हाइकांना इतकं समजावून सांगता?”

“नाही. बाकीच्यांना एकदा सांगितलं की कळतं.”

तिलाही एकदाच सांगून कळलं होतं. पण न कळण्यात जी गोडी होती, ती कळण्यात कुठली! ती पालथ्या ऑइलच्या डब्यावर बसायची, तो गाडीखाली आडवा व्हायचा, आणि गाडीखालून त्याचं हसू ऐकू यायचं. चेहरा दिसायचा नाही. त्यामुळे दोघांनाही बोलायला जरा बरं पडायचं. तो तिला ‘फरशीवाल्या बाई’ म्हणायचा, ती त्याला ‘मिस्त्री’. याच्या पलीकडे कुणी काही बोललं नाही. बोलायची घाई कुणाला होती?

शेवटी बाबा एकदाचे कबूल झाले. “कर बाई काय ते. तुझ्या कटकटीपेक्षा पाटे परवडले.” पाटे आणि फुगे मागवले गेले.

आणि मग ते येईनात.

“पाटे अजून आलेले नाहीत,” तो सांगायचा, दर वेळी तिच्याकडे न बघता.

एकदा हात धुवायला ती गॅरेजच्या मागच्या खोलीत गेली. नळाशेजारी ताडपत्री होती. तिचा एक कोपरा वर झाला होता, आणि खाली नवेकोरे पाटे होते. रंगावर ओरखडासुद्धा नाही. त्यावर खडूने गाडीचा नंबर लिहिलेला. तिच्या गाडीचा.

नळ वाहत होता, तिला त्याचं भान नव्हतं. राग यायला हवा होता. आला नाही. उलट तिला नळाच्या आवाजात तोंड दाबून हसावं लागलं. लबाड! पाटे बसले की आपण येणार नाही, म्हणून दडवून ठेवलेत हे. तिने ताडपत्रीचा कोपरा हलकेच खाली केला, ओढणीला हात पुसले आणि बाहेर आली.

“मग मिस्त्री, पाटे कधी येणार?”

“येतील… पुढच्या आठवड्यात बहुतेक.”

“येऊ देत सावकाश,” ती म्हणाली. “मला कुठे घाई आहे?”

इतकं सुख तिला त्याआधी कधी झालं नव्हतं. त्यानंतरही झालं नाही.

घाटावरच्या फेरीला ती नेहमी बाबांच्या सोबत जायची. त्या सकाळी म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे, मी जरा पाटे आले का बघून येते.” बाबा मिशीतल्या मिशीत हसले आणि एकटेच गेले. ती ऑइलच्या डब्यावर बसून चहा पीत होती. तो दुसऱ्याच कुणाच्या गाडीखालून म्हणत होता, “फरशीवाल्या बाई, एक विचारायचं होतं…” आणि तिचा फोन वाजला.

उतारावरच्या वळणावर मुख्य पाटा तुटला होता. मागचं चाक तिरकं झालं, गाडी चरात गेली, आणि मागची खोकी केबिन फोडून पुढे आली. बाबा वाचले. कंबर आणि उजवा पाय मात्र असा चिरडला, की डॉक्टरांनी कागदावरून नजर न काढता सांगितलं, “काठी घेऊन घरातल्या घरात चालतील. गाडीचं विसरा.” बाबांनी ते मान हलवत ऐकून घेतलं, आणि ती खोलीबाहेर गेल्यावर भिंतीकडे तोंड करून रडले. तिला दाराबाहेर ऐकू येत होतं.

मिस्त्री दवाखान्यात रोज यायचा. औषधं आणायचा, बाबांना कुशीवर वळवायचा, त्यांचं भांडं धुऊन ठेवायचा. तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. तीही नाही.

चरातून काढलेली गाडी त्याच्याच गॅरेजात ओढून आणली होती. केबिनमध्ये बाबांचा चष्मा राहिला होता, तो घ्यायला ती गेली. तुटलेला पाटा मांडीवर घेऊन तो जमिनीवर बसला होता.

“पाटे आले होते,” तो म्हणाला. “कधीच आले होते. मागच्या खोलीत पडून होते. बसवले की तू यायची थांबली असतीस, म्हणून मी… मला वाटलं, जुने अजून थोडे दिवस काढतील. माझाच अंदाज चुकला. मी रोज हेच काम करतो, आणि माझाच—”

त्याने पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हटलं होतं. किती वाट बघितली होती तिने या एका शब्दाची! आणि आला तो असा.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

“मी बघितले होते. ताडपत्रीखाली. गाडीचा नंबरसुद्धा वाचला होता. आणि बघून मला आनंद झाला होता, मिस्त्री… आनंद!”

ती त्याच्या शेजारी खाली बसली, आणि दोघंही बराच वेळ रडली, एकमेकांना हात न लावता. हात लावावासा वाटत नव्हता असं नाही. तिला त्याच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं इतकं वाटत होतं, की त्या वाटण्याचीच तिला किळस आली.

“मी काकांना सांगतो सगळं,” तो म्हणाला.

“नको. त्यांना तेवढा तरी एक माणूस चांगला राहू दे.”

“मग मी काय करू?”

“पाटे बसव. फुगेही लाव. आता मलाच चालवायची आहे घाटावर.”

त्याने केबिन दुरुस्त केली, पाटे बसवले. अगदी मन लावून बसवले. गाडी आता भरली तरी सरळ उभी राहते, आणि तिला गॅरेजात जायचं काही कारण उरलेलं नाही.

परवा सकाळी ती चपला घालत होती, तेव्हा बाबांनी खाटेवरून हाक मारली. “पोरी, बस जरा. तो मिस्त्री… लग्नाचं विचारेल, तेव्हा हो म्हण त्याला.”

“कशाला हो?”

“मी काय आंधळा आहे? दवाखान्यात सख्ख्या मुलाने केलं नसतं ते त्याने केलं. आणि त्याने बिचाऱ्याने घरी येऊन हात जोडून सांगितलं होतं, काका, पाटे बदला. मीच हेका धरला. माझ्या हट्टाची फळं मी भोगतोय, ती तुम्ही दोघांनी कशाला भोगायची?”

तिच्या डोळ्यांपुढे सगळं स्वच्छ दिसत होतं. जावई म्हणून तो रोज बाबांना हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेईल, बाबा रोज त्याला तोंड भरून आशीर्वाद देतील, आणि ती आणि मिस्त्री एकमेकांची नजर चुकवत जेवायला बसतील. रोज. जन्मभर.

“नाही बाबा.”

“का? काय खोट आहे त्याच्यात?”

“काही नाही.”

“मग तुझ्या मनात नाही का?”

“आहे,” ती म्हणाली. “खूप आहे.”

“मग गं?” बाबा कोपरावर उठायला गेले. त्यांना काही कळेना.

“पाय हलवू नका,” ती म्हणाली, त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली, आणि गाडी भरायला गेली.