गुपितघर थांबलं का?

ऋजुताने चेंडू नीट नेम धरून कुमुदआत्याच्या पायाकडे सोडला होता. वाटेत काही नव्हतं. फरशी आरशासारखी गुळगुळीत होती. तरीही चेंडू घरंगळता घरंगळता उजवीकडे वळला आणि शार्दूलच्या बुटावर जाऊन आपटला.

"नेम बघा बाईसाहेबांचा!" शार्दूल म्हणाला. तो ऋजुताचा मोठा भाऊ, आणि तिची फजिती करायची संधी तो सहसा सोडत नसे.

"मी सरळच टाकला होता," ऋजुता म्हणाली. "तू टाकून बघ."

शार्दूल ऐटीत खोलीच्या मध्यभागी आला आणि त्याने चेंडू टाकला. तोही वळला. तसाच, उजवीकडे. आता हसायची पाळी आत्याची होती.

बिडवे कुटुंब लातूरहून आठवड्याच्या सुट्टीवर निघालं होतं. आई, बाबा, दोन मुलं आणि बाबांची मोठी बहीण कुमुदआत्या. पाण्याच्या घसरगुंड्यांचं उद्यान झालं होतं, हवेतल्या झुलत्या जंगलाचं झालं होतं आणि आज शेवटची नवलनगरी. आईबाबा उंच पाळण्याच्या रांगेत उभे राहिले. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच महिने झाले होते, म्हणून तिने शांतसा खेळ निवडला: गुपितघर. मुलंही तिच्याबरोबर आली.

गुपितघर म्हणजे एक मोठी गोल खोली. एकही खिडकी नाही, भिंती कोऱ्या पांढऱ्या. मोबाईल आणि घड्याळं बाहेरच ठेवून यायचं. छताला एक यंत्रमानव लटकत होता. त्याला हात नव्हते, पाय नव्हते, नुसता एक लांब दांडा आणि टोकाला भिंगाचा एकच डोळा. त्याचं नाव भिंगू. सगळे बाकांवर बसल्यावर दिवे मंद झाले होते, कुठेतरी घरघर सुरू झाली होती. मग दिवे पुन्हा लागले आणि भिंगूने एक चेंडू खाली सोडून विचारलं होतं, "या घरात आत्ता काय चाललं आहे, ते सांगा."

"चुंबक आहे फरशीखाली," शार्दूल म्हणाला.

"चेंडू रबरी आहे," ऋजुता म्हणाली. "रबराला चुंबक ओढत नाही." तिने चेंडू पुन्हा टाकला. पुन्हा उजवीकडे. मग ती भिंतीपाशी उकिडवी बसून विचार करू लागली. "भिंगू, चेंडू वळतोय, की आम्हीच सरकतोय?"

भिंगूचा डोळा लकाकला. "आता बरोबर ठिकाणी आलीस! हे घर फिरतं आहे. आत्ता, या क्षणी. साधारण अर्ध्या मिनिटात एक फेरी."

"काहीतरीच!" आत्या म्हणाली. "मला तर काही जाणवत नाही."

"जाणवणार नाहीच. प्रत्येकाच्या कानात आत बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव (पाण्यासारखा पातळ पदार्थ) असतो. पाण्याने भरलेल्या पेल्यात तुळशीचं पान टाका आणि पेला हळूच फिरवा. पेला फिरतो, पान मात्र सुरुवातीला जागच्या जागी राहतं. कारण पाण्याला जडत्व असतं (आहे त्याच स्थितीत राहण्याचा वस्तूचा स्वभाव). कानातला द्रवही असाच मागे राहतो, आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण फिरतोय. पण पेला एकाच वेगाने फिरवत राहिलात तर?"

"पाणीपण पेल्याबरोबर फिरायला लागेल," ऋजुता म्हणाली.

"मग मेंदूला वाटतं, सगळं शांत आहे. तुमचं आत्ता तसंच झालं आहे. शिवाय वेग अगदी हळूहळू वाढवला, म्हणून सुरुवातही कळली नाही. उलट घर झटक्यात थांबेल तेव्हा गंमत होईल. घर थांबलं तरी कानातलं पाणी थोडा वेळ पुढे जात राहील, आणि तुम्हाला वाटेल की आपण उलट्या दिशेने फिरतोय."

"पण मग चेंडू?"

"चेंडू बिचारा सरळच जातो. तू मध्यावरून टाकतेस तेव्हा तो नाकासमोर निघतो. पण तो भिंतीपर्यंत पोहोचेपर्यंत घर डावीकडे फिरलेलं असतं आणि आत्याही घराबरोबर डावीकडे गेलेली असते. चेंडू पोहोचतो तेव्हा आत्याच्या जागी शार्दूल आलेला असतो. तुम्ही सगळे बरोबरच फिरता, म्हणून तुम्हाला वाटतं की चेंडूच वळला. याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात (फिरत्या जागेवरून पाहिल्यावर सरळ जाणारी वस्तू वळल्यासारखी दिसणं)."

ऋजुताने डोळे मिटले आणि मनातल्या मनात छपरावरून खाली पाहिलं. फिरती तबकडी, कडेला आत्या, मधून सुटलेला चेंडू... सरळ, अगदी सरळ! तिला इतका आनंद झाला की तिने शार्दूलला एक गुद्दाच मारला.

तेवढ्यात खाली कुठेतरी कट्ट असा आवाज झाला आणि घरघर बंद पडली. दारावरचा हिरवा दिवा लागला.

"खेळ संपला," भिंगू म्हणाला. "घर थांबलं आहे. दार आता उघडेल. कृपया रांगेने बाहेर जा."

सगळे उठले. बसून बसून आत्याचा गुडघा आखडला होता, म्हणून ती काठी टेकत सर्वांच्या आधी दारापाशी गेली. तिच्या मागे एक चष्मेवाले काका उभे राहिले.

ऋजुता मात्र जागची हलली नाही. काहीतरी राहून गेलं होतं. उलटं फिरल्यासारखं वाटणार होतं ना? तिला तर काहीच वाटलं नव्हतं. शार्दूललाही नाही, तो तर मजेत जांभई देत होता.

तिने घाईघाईने चेंडू उचलला, मध्यावर गेली आणि दाराकडे टाकला.

चेंडू उजवीकडे वळला.

"आत्या, थांब!" ती ओरडली. "दार उघडू नका! घर अजून फिरतंय!"

"अगं, घरघर थांबली ना?" काका वैतागले. "तुझ्या खेळापायी आम्ही इथेच बसायचं का?"

"भिंगू, तू बघितलास ना चेंडू?"

भिंगूचा डोळा खाली आला. तो म्हणाला, "माझा संवेदक (हालचाल मोजणारं उपकरण) सांगतो की घर थांबलं. चेंडू सांगतो की थांबलं नाही. दोघांपैकी एक चुकतो आहे. पुन्हा टाक. मी नीट बघतो."

सगळे ऋजुताकडे बघत होते. चेंडू सरळ गेला तर? जन्मभर शार्दूल चिडवत बसेल. तिने श्वास घेतला आणि चेंडू सोडला.

चेंडू पुन्हा वळला.

हिरवा दिवा विझला, तांबडा लागला. "दार बंद राहील," भिंगू म्हणाला. "कृपया बसून घ्या. मी बाहेर कळवलं आहे."

आत्या दोन पावलं मागे सरली. बाहेरचा चौथरा स्थिर होता आणि घर माणसाच्या चालीच्या वेगाने त्याच्या कडेने सरकत होतं. पाऊल बाहेर, काठी आत, आणि मधे सरकती भिंत! काकांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते मुकाट्याने बाकावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने खालून करकर असा आवाज आला, आणि मग एकदम सगळ्यांनी बाकाच्या कडा पकडल्या. "अरे, उलटं फिरतंय!" शार्दूल ओरडला.

"नाही," ऋजुता हसली. "आत्ता थांबलंय."

तरीही भिंगूने तिलाच चेंडू टाकायला लावला. या वेळी तो सरळ दारावर जाऊन थडकला.

बाहेर नवलनगरीच्या अभियंता विभावरीताई उभ्या होत्या. घर फिरवणारा पट्टा तुटला होता, त्यांनी सांगितलं. संवेदक आणि ब्रेक दोन्ही मोटरवर बसवलेले. मोटर थांबली, म्हणून संवेदकाला वाटलं घरही थांबलं. पण ते जड धूड जडत्वाने फिरतच राहिलं होतं; शेवटी खालून हाताने अडसर लावून ते थांबवावं लागलं. "नवा संवेदक थेट घरालाच लावायचा," त्या म्हणाल्या, "आणि तोवर हा खेळ बंद." मग त्यांनी ऋजुताचा हात हातात घेतला. मोठ्या माणसांचा घेतात तसा.

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती. बाबा समोरच्या पडद्यावर हवामान पाहत होते. दूर समुद्रावर ढगांचा एक प्रचंड भोवरा दिसत होता.

"बाबा, वादळ असं गोल का फिरतं?" ऋजुताने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सरळ बसली. "थांबा! वारा मध्याकडे सरळ निघतो... पण खाली पृथ्वी फिरतेय. म्हणून तो वळतो!"

"मग रस्त्यावर चेंडू टाकला तर तो का वळत नाही?" शार्दूलने विचारलं. या वेळी तो चिडवत नव्हता.

"पृथ्वीला एका फेरीला अख्खा दिवस लागतो. दोन-चार सेकंदांत चेंडू कितीसा वळणार? वाऱ्याला शेकडो मैल जायचं असतं, म्हणून त्याचं वळणं दिसतं."

आत्या मागून म्हणाली, "बरं, मला एक सांग. शनीच्या त्या टायटन नावाच्या चंद्रावर म्हणे सतत दाट धुकं असतं. आकाश दिसतच नाही. उद्या माणसं तिथे राहायला गेली आणि तिथेच पोरं जन्माला आली, तर आपलं जग फिरतंय हे त्यांना कधी कळेल का? ना सूर्य नीट दिसणार, ना तारे."

ऋजुताने पडद्यावरच्या भोवऱ्याकडे पाहिलं.

"कळेल," ती म्हणाली. "वेळ लागेल. पण त्यांच्यातलं कुणीतरी वाऱ्याकडे बघत बसेल ना, आत्या."