उजव्या बाजूची नोंद

डावी बाजू. उजवी बाजू.
इस्त्रीच्या शर्टावर सांडलेला चहा.
गंगापूरची जीप, मागची सीट.
एक फोन नंबर.

चहा तनुजाच्या हातातला, शर्ट सुदर्शनचा. कर्करोग नोंदणीच्या खोलीच्या दारातच दोघं धडकले. तो गावोगावच्या रुग्णांच्या नोंदी भरायचा. ती त्या तपासायला आजच रुजू झालेली.

"डाग जाईल हो धुतला की," तो हसला.

ती दुपारी त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "पार्वतीबाई आणि पारूबाई... या दोघी तुम्ही एक का केल्यात?"

"गाव एक, फोन एक, नवरा अप्पाराव एक. पार्वतीला घरी पारूच म्हणतात की, मॅडम!"

"एकीची गाठ डावीकडं आहे, दुसरीची उजवीकडं."

"लिहिताना चुकलं असंल कुणाचं. उद्या सगळं वर पाठवायचंय..."

"पार्वतीबाईंचे उपचार झालेत. पण बाया दोन असल्या, तर दुसरी तशीच घरी बसलीय. मी सही करणार नाही." तिनं पर्स उचलली. "गंगापूरची जीप कुठून मिळते?"

तो बघतच राहिला. "लई हट्टी आहात."

"व्हय," ती त्याच्याच सुरात म्हणाली. त्याचे कान लाल झाले.

जीपमध्ये वळणावर खांदा खांद्याला टेकला — आणि रस्ता सरळ झाल्यावरही कुणी सरकलं नाही.

अप्परावच्या ओसरीवर दोघी जावा तूर निवडत बसल्या होत्या. दोघी! धाकट्या पारूबाईचा नवरा चितेगावला कंपनीत. म्हणून थोरला दीर अप्पाराव तिला दवाखान्यात घेऊन गेला होता. सोबत आलेला तो नवराच, असं तिथं कुणीतरी धरलं. पुढं तपासणीच्या निकालाचा फोन आला, तो घरच्यांना थोरल्या पार्वतीबाईचाच वाटला.

"माझं काय निघालंच नाय म्हणले," पारूबाई म्हणाली. हात मात्र उजव्या बाजूला गेला.

सुदर्शन तिच्यासमोर उकिडवा बसला. "निघालंय, काकू. चूक माझी. पण इलाज आहे. आत्ता निघायचं."

"आत्ता? भाकरी टाकायच्यात..."

"बांधून घेऊ," तनुजा म्हणाली.

परतताना पारूबाई दोघांच्या मधे बसली.

"मी यांची नोंद पुसलीच होती, तनुजा." तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं. "इथून पुढं माझी प्रत्येक नोंद तुम्हीच तपासा."

"तपासेनच."

"आणि... मला?"

"ते सकाळपासून चाललंय."

पारूबाईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "अगं बया! मंग मला खिडकीकडं सरकू द्या की..."

पुढच्या वर्षी तनुजा-सुदर्शनच्या हळदीला पारूबाई बरी होऊन गंगापूरहून आली होती.