बोळा फिरवण्यापूर्वी

"हा बोळा तुमचाच का?"

दोन चुकीच्या टेबलांशी विचारून ती तिसऱ्याशी आली होती. हातात कागदांचा गठ्ठा, कानामागे पेन्सिल. खुर्चीतला तरुण वळला आणि हसला.

"माझाच. पण फरशी पुसायचा नाही हं!"

"ठाऊक आहे. बिलं पुसायचा. मी त्याची माहितीपुस्तिका लिहायला आलेय."

इमारती बांधणाऱ्या त्या कंपनीत स्लॅबपासून गिलाव्यापर्यंत प्रत्येक कामाची बिलं संगणकात साठलेली. बंद झालेल्या कामांची जुनी बिलं काढून टाकायला त्याने एक एपीआय, म्हणजे दुरून हुकूम घेणारा प्रोग्रॅम, तयार केला होता. आपल्या जागेवरून एका ओळीचा हुकूम पाठवायचा, की त्या कामाची सगळी बिलं साफ! म्हणून सगळे त्या प्रोग्रॅमला 'बोळा' म्हणत. शनिवारी तो तरुण दुसऱ्या गावी नव्या नोकरीवर निघणार होता. त्याआधी पुस्तिका हवी होती.

"हुकूम दिल्यावर हा एकदाही विचारत नाही? खरंच पुसू का, म्हणून?"

"विचारत बसला तर पुसणार कधी?"

"पण माणूस चुकतो..."

"तुम्ही तर शंकाबाईच आहात!"

तिने मान खाली घातली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू राहिलंच.

तिचा एक नेम होता — स्वतः करून पाहिल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. सरावासाठी दहा खोट्या बिलांची वेगळी प्रत होती, तिच्यावर ती प्रत्येक हुकूम चालवून बघे. अडलं की त्याला विचारी. नाही अडलं, तरी तो चहाचे दोन कप घेऊन येई. "आज शंका नाहीत? तब्येत बरी आहे ना?" त्याची खुर्ची करकरली, की तिचं वाक्य अर्ध्यातच थांबे. शनिवार मात्र कुणासाठी थांबत नव्हता.

गुरुवारी तिने त्याने लिहून दिलेल्या टिपणातला नमुना-हुकूम जसाच्या तसा चालवला. पडद्यावर अक्षरं उमटली — 'सत्तेचाळीस बिलं पुसली.'

सत्तेचाळीस? सरावाच्या प्रतीत तर दहाच होती!

तिने हुकुमातला पत्ता पुन्हा वाचला. घाईघाईत त्याने नमुन्यात खऱ्या साठ्याचाच पत्ता ठेवला होता. रुग्णालयाच्या नव्या इमारतीची बिलं गेली. रविवारी काढून ठेवलेल्या प्रतीतून जुनी परत आली, पण हिशेबनीस अण्णांनी चार दिवस डोळे फोडून भरलेल्या नोंदी — त्या गेल्याच.

"कोणी केलं हे?" साहेब गरजले.

"मी," ती म्हणाली.

"मी," तोही म्हणाला. त्याच क्षणी.

"चालवलं मी."

"पत्ता चुकीचा माझा. तुम्ही मध्ये पडू नका."

अण्णांनी मोजमापाच्या जाडजूड वह्या टेबलावर आदळल्या. "भांडू नका. दोघांनी मिळून पुसलंत, आता दोघं मिळून भरा!"

शुक्रवारचा अख्खा दिवस ती वाचत होती, तो टाइप करत होता.

"पश्चिमेची भिंत. गिलावा. लांबी चार मीटर वीस."

"पुन्हा वाचा."

"ऐकू नाही आलं?"

"आलं... तरी वाचा."

तिने वाचलं. या वेळी जरा सावकाश.

"अहो, एक भिंत एकदाच मोजतात!" कोपऱ्यातून अण्णा ओरडले, आणि दोघांनी वहीत डोकी खुपसली.

शनिवारी दुपारी तो खांद्याला बॅग लावून तिच्या टेबलाशी आला.

"बोळा बदललाय. चालवून बघा."

तिने हुकूम दिला. या वेळी काहीच पुसलं गेलं नाही. काय काय पुसलं जाईल याची नुसती यादी आली, आणि खाली एक ओळ — 'खरंच पुसू का?'

"हे तर माझं..."

"शंकाबाईंचंच. आधी नुसतं दाखवायचं, म्हणजे कोरडी फेरी. मग विचारायचं." तो घुटमळला. बॅगेचा पट्टा बोटाभोवती गुंडाळू लागला. "मलाही एक कोरडी फेरी घ्यायची होती. समजा... नुसतं समजा हं... कुणी तुला काही विचारलं असतं, तर काय उत्तर दिसलं असतं?"

'तुला.' तिने ते अलगद झेललं. कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"माझा नेम ठाऊक आहे ना? करून पाहिल्याशिवाय मी काही लिहीत नाही. समजा नको. खरंच विचार."

त्याने बॅग खाली ठेवली.

"तिकडून रविवारची गाडी सकाळी सातला इथे पोचते. दर रविवारी येऊ? आणि... पुढच्या रविवारी तुझ्या आई-बाबांना भेटायला येऊ?"

आणि ती — शंकाबाई! — एकही शंका न काढता म्हणाली, "ये."

कोपऱ्यात चष्मा पुसत अण्णा खाकरले. "छान झालं. आता यावर तेवढा बोळा फिरवू नका!"